ती कुठे राहायची?

काकू गुडघा दाखवायला पुण्यात आली होती. डॉक्टरांकडचं काम अर्ध्या तासात आटोपलं, औषधं घेतली आणि रिक्षात बसल्यावर पिशवी मांडीवर नीट ठेवत ती एकदम म्हणाली, "शनिवारवाडा इथून लांब आहे का गं?" मला वाटलं तिकडे कुणाकडे जायचं असेल. म्हटलं, नाही, जवळच आहे, का? तर म्हणाली, आत जायचंय. काकूला शहात्तरावं चालू आहे. आयुष्यात पन्नास वेळा तरी पुण्याला आली असेल, लग्नाच्या साड्या काढायला लक्ष्मी रोड, बाळंतविडे घ्यायला तुळशीबाग, एकदा पर्वती, कसब्याच्या गणपतीला तर दर खेपेला, आणि कसब्याला जायचं म्हणजे शनिवारवाडा डोळ्यांसमोरच असतो. पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. मी तिला का ते विचारलं नाही. म्हणजे मला माहीत होतं असं वाटलं, म्हणून विचारलं नाही.

दिल्ली दरवाजाशी ती थांबली आणि मान मागे टाकून बराच वेळ त्या खिळ्यांकडे बघत राहिली. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेले ते लांब टोकदार खिळे, तिनं एकाला बोट लावून बघितलं आणि पटकन मागे घेतलं. दिंडीतून आत जाताना वाकावं लागतं, तिला गुडघ्यामुळे वाकता येईना, मग माझा दंड धरून आधी एक पाय, मग दुसरा. आत देवडीत एकदम गार. बाहेर उन्हाचा चटका आणि आत दगडाचा तो ओलसर, पारव्यांच्या विष्ठेचा, जुन्या लाकडाचा मिसळलेला वास, आमच्या वाईच्या घरात जिन्याखालच्या खोलीला यायचा तसाच. काकूनं पण तो ओळखला असणार कारण तिनं नाकाला पदर लावला नाही, उलट एक खोल श्वास घेतला. भिंतीवर पुसट झालेली चित्रं आहेत, शेषशायी विष्णू वगैरे, ती बघायला चष्मा शोधेपर्यंत मागून शाळेची एक सहल आली आणि आम्ही त्या लोंढ्याबरोबर आत ढकलल्या गेलो.

आत काय आहे ते सगळ्यांना माहितीये. हिरवळ, जोती, जोती आणि हिरवळ. सात मजली वाडा होता म्हणतात, वरून आळंदीचा कळस दिसायचा म्हणतात, १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली ती सात दिवस धुमसत होती, आणि त्यात लाकडाचं जे जे होतं ते सगळं गेलं. उरलं ते दगडाचं. काकूनं हे मनात धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं आत वाडा असेल. खोल्या असतील, माजघर असेल, आपण चपला काढून फिरू. ती त्या मोकळ्या पटांगणाकडे बघत म्हणाली, "एवढंच?"

सहलीबरोबर एक गाईड होता. चांगला होता बिचारा, घसा बसलेला, तरी मुलांना धरून ठेवत होता. बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, वार शनिवार, खर्च आला १६,११० रुपये, हे सगळं त्यानं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. मग मुलं ज्याची वाट बघत होती तिथे आला. गारदी, म्हणजे वाड्याचे भाडोत्री शिपाई, कसे घुसले, पेशवे नारायणराव कसे पळाले, काकांच्या, म्हणजे राघोबादादांच्या, कमरेला मिठी कशी मारली. "काय म्हणाले नारायणराव?" त्यानं विचारलं, आणि साठसत्तर मुलं बेंबीच्या देठापासून ओरडली, "काका मला वाचवा!" पारवे उडाले. मुलं हसली, ओरडणं परत एकदा झालं. मग तो म्हणाला, "आणि हे सगळं कुणामुळे झालं? ध चा मा कुणी केला?" आणि मुलांनी त्याच सुरात, दोन अधिक दोन चार म्हणावं तसं, "आनंदीबाई!"

काकू तिथेच एका जोत्याला टेकून उभी होती. मुलं पुढे पांगली तेव्हा ती गाईडजवळ गेली आणि अगदी हळू विचारलं, "ती कुठे राहायची?"

त्याला आधी कळलंच नाही. कोण आजी? "आनंदीबाई. ती यात कुठे राहायची?" तो म्हणाला, राघोबादादांकडची बाजू इकडे होती असं सांगतात, पण तिचं असं वेगळं काही... काकू म्हणाली, "नाही, पण राहत होती तर खोली असेलच ना. न्हाणी असेल. देव असतील. रात्री दिवा कुठे लावायची?" तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "माहीत नाही आजी. मला कुणी विचारलंच नाही आजवर."

हे मला तेव्हापासून सतावतंय.

आमच्या घरात काकूला आनंदीबाई म्हणत. तोंडावर कमी, पाठीमागे जास्त, पण तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं की तिला माहीत आहे. सुरुवात तर अगदी साध्या गमतीतून झाली होती. ती १९७० साली लग्न होऊन आली, माहेर गुहागर. पेशवाईतल्या आनंदीबाईचं, राघोबादादांच्या बायकोचं, माहेरही गुहागरचं, ओकांकडचं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी आत्येसासू म्हणाली, "गुहागरची का? म्हणजे आनंदीबाईच आली म्हणा की!" आणि सगळे हसले, नवी नवरीपण हसली. असं ती स्वतःच मला एकदा सांगत होती, की मला वाटलं कौतुकानं म्हणतायत, पेशव्यांच्या घरातलं नाव दिलं. तिला शाळेत इतिहास होता पण सातवीनंतर शाळा सुटली होती आणि हे नाव कशासाठी वापरतात ते सासरी आल्यावर दोनतीन वर्षांनी लक्षात आलं.

आम्ही मुलं तर फारच वाईट होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईच्या घरी दहाबारा भावंडं जमायची आणि दुपारी मोठी माणसं आडवी झाली की चौकात आमचा खेळ सुरू व्हायचा. एक नारायणराव, एक राघोबादादा, आणि उरलेले सगळे गारदी, कारण गारद्यांना लाकडी फळ्या घेऊन पळायला मिळायचं. नारायणराव ओरडत ओरडत माडीच्या जिन्यावरून खाली यायचा आणि राघोबादादाच्या कमरेला मिठी मारायचा. आनंदीबाई व्हायला कुणीच तयार नसायचं. मुली तर अजिबात नाही. मग आम्ही काय करायचो, तर काकूकडे बोट दाखवायचो. ती चौकाच्या कडेला पापड लाटत बसलेली असायची, उडदाच्या पिठाच्या लाट्या तेलात घोळवून ओळीनं मांडलेल्या, हात कोपरापर्यंत तेलकट, आणि आम्ही म्हणायचो, आनंदीबाई ती तिथे बसलीये, तिला आहे तिथेच बसू दे. तिला खेळात काही करावं लागायचं नाही. नुसतं असायचं. खेळ संपला की आम्ही तिच्याभोवती गोळा व्हायचो आणि ती प्रत्येकाच्या हातावर एकेक लाटी ठेवायची. कच्च्या लाटीची ती चव, हिंग, पापडखार, मिरी, आणि जिभेला बसणारी चरचर, मला आत्ता लिहितानासुद्धा तोंडात येतेय. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बोट दाखवणाऱ्यांत मी होते.

मग १९८६ ला वाटण्या झाल्या आणि त्या नावातली गंमत संपली. आजोबा गेले होते, तीन भाऊ, मधला म्हणजे काका, त्यानं हिस्सा मागितला. का मागितला ते त्यानं कुणाला धड सांगितलं नाही. घरातल्यांनी ठरवून टाकलं की तो मागेल का, त्याच्या तोंडात घास घातला तर चावणारा माणूस तो, हे हिनंच भरवलंय. कागदावर आधी माडी सामाईक ठेवायची होती म्हणे, नंतर ती ओळ गेली, ती हिनं घालवली. आता हा कागद मी पाहिलेला नाही. माझ्या चुलतभावंडांनी पाहिलेला नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी कशाला बघायला जाते. तरी ती ओळ कुणी घालवली हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. पुढे चौकात भिंत आली, तुळशीवृंदावन अलीकडे राहिलं, विहीर पलीकडे गेली. काकू अंगणातून घागर घेऊन वळसा घालून विहिरीवर जाताना मी पाहिलीये, आणि मनात आलेलं मला आठवतंय, की बरं झालं, भोग आता.

शनिवारवाड्यातून तिला परत आणलं, चहा दिला, ती झोपली, आणि मी त्या दिवशीचं तिकीट घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले. तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'नारायणरावांस धरावे' असं लिहिलं. आणि मग ध चा मा करायला गेले. कधी करून बघितलंय का कुणी? मी आयुष्यभर हा वाक्प्रचार वापरलाय, ऑफिसात, भांडणात, मुलांना शुद्धलेखन शिकवताना, आणि पहिल्यांदाच हातानं करून बघत होते. ध चं वरचं वाटोळं वळण बंद करून त्याचा म करायचा म्हणजे गिरवागिरव होते, तिथे शाई साठते, डाग दिसतो. आणि नुसता म करून भागत नाही. काना हवा. तो काना ध आणि रा यांच्या मध्ये घुसवायचा, तिथे मी जागा ठेवलेलीच नव्हती. आलेला काना रा ला चिकटला. शहाण्या माणसानं तो कागद हातात घेतला तर पहिल्या नजरेत म्हणेल, इथे काहीतरी केलंय.

आणि हे आपलं बाळबोध लिपीतलं. कारभाराची लिपी मोडी. मी मागे दोनेक महिने मोडीचा वर्ग केला होता, फार काही आलं नाही, पण एवढं हाताला कळलं की मोडीत आधी पानभर शिरोरेघ आखून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत जातात. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत नाही. काना सुटा उभा राहत नाही, तो अक्षराच्या पायातून निघून वर शिरोरेघेला भिडतो आणि तिथून हात पुढच्या अक्षरात शिरतो. अशा सलग धाग्यातलं एक अक्षर उसवून दुसरं बसवायचं, आणि ते सुमेरसिंग गारद्यासारख्या माणसाला खपवायचं, ज्याच्या मानेचा प्रश्न त्या कागदावर होता. अशक्य आहे असं मी म्हणत नाही. कसबी हात असेल तर होईलही. पण मला वाटायचं तसं ते एका फटकाऱ्याचं काम नाही.

मग मी हे नक्की कुठून आलं ते वाचायला लागले. जेम्स ग्रँट डफ, साताऱ्याला रेसिडेंट होता तो, त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ ला छापून आला. त्यात हे आहे. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री, त्यांनी तपास केला, राघोबादादांच्या हातचा कागद मिळाला, त्यात धरावेचं मारावे झालेलं होतं, आणि ते आनंदीबाईनं केलं असा लोकांचा समज आहे, असं त्यानं लिहिलंय. समज आहे, एवढंच. आणि तिच्या नावामागे कुप्रसिद्ध हे विशेषण त्यानं तिथल्या तिथे लावून टाकलंय. म्हणजे खून १७७३ चा आणि पुस्तक त्रेपन्न वर्षांनंतरचं. तोवर ती जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. तिला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. आणि हयात असतानाही कुणी समोर बसवून विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबादादांना. त्या माणसानं भर दरबारात उभं राहून पेशव्याच्या तोंडावर सांगितलं की खुनी तुम्ही आहात. सांगितलं आणि पद सोडून निघून गेले. एवढा लख्ख निकाल आपल्याकडे आहे, शाळेत धडा म्हणून शिकवतात, आणि तरी मुलं ओरडतात ते नाव दुसरंच.

आणि त्या दिवसाचं जितकं वाचत गेले तितकी त्यात माणसं वाढत गेली. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. गारद्यांची पगारावरून कुरकुर चालू होती, ती सगळ्यांना माहीत होती. नारायणरावांना सकाळी कुणकुण लागली, त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं, आणि हरिपंत आमंत्रण होतं म्हणून जेवायला गेले. संध्याकाळी बघू म्हणून. दुपारी गारदी आत होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. एक माणूस ताटावर बसलाय, वरणभातावर तूप वाढतायत, आणि तिकडे. सखारामबापूंवर संशय घेतला गेला. तुळाजी पवारानं पाय ओढले, सुमेरसिंगानं तलवार चालवली, चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर पडला आणि तिथेच मेला. वाड्यात त्या दिवशी दासी मेली, ब्राह्मण मेले, गाय मेली. कट इतक्या हातांतून गेला होता. आणि कैदेत होते ते राघोबादादा, एकोणचाळीस वर्षांचे, जे बाहेर पडू बघत होते, ज्यांना पेशवेपद हवं होतं, आणि ज्यांना ते मिळालं. खुनानंतर वस्त्रं त्यांनी घेतली.

तरी राघोबादादा म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक ही, आणि दुसरी अटक. १७५८. अटकेपार झेंडे. वक्तृत्व स्पर्धेत, निवडणुकीच्या सभेत, मुलगा अमेरिकेला गेला तर सत्काराच्या भाषणात, अटकेपार हा शब्द आपण छाती फुगवून म्हणतो. एका माणसाच्या खात्यावर दोन नोंदी आहेत, एक जमेची एक खर्चाची. तिच्या खात्यावर एकच, तीही कागद न पाहता लिहिलेली. नगारखान्यावर १७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांचं निशाण चढवलं ते बाळाजीपंत नातूनं, गाईडनं हेही सांगितलं होतं, पण मुलांना ते नाव माहीतसुद्धा नव्हतं आणि कुणाच्या घरात सुनेला किंवा जावयाला चिडवायला नातू म्हणत असतील असं मला वाटत नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचते ती पण सांगते. मला तिला धुऊन काढायचं नाहीये. ती महत्त्वाकांक्षी होती, राजकारणात लक्ष घालायची, नवऱ्याला पेशवेपद मिळावं असं तिला वाटत असणारच, का वाटू नये. त्या कैदेत ती पण होती. कदाचित तिनं केलंही असेल. शेवटी अठरा वर्षांचा मुलगा गेला, दहा ऑगस्टला अठरा पूर्ण झाली होती त्याला, म्हणजे वाढदिवसाला तीन आठवडेही झाले नव्हते, आणि त्याची बायको गंगाबाई पोटुशी होती. मी नारायण दरवाजापाशी उभी राहिले की मला अजूनही कसंतरी होतं. त्याला त्या वाटेनं बाहेर काढला म्हणून दरवाजाला ते नाव, तेवढा लहानसा दरवाजा. त्याच्यासाठी वाईट वाटून घेण्यात मला काही कमी करायचं नाही. काकूच्या बाबतीतही माझं हेच आहे. काकानं हिस्सा मागितला तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं का? असेल. मी असते तर मीही सांगितलं असतं, चार मुलींना घेऊन एका खोलीत किती वर्षं राहायचं माणसानं. पण मला ते खरं माहीत नाही आणि मी तिला अजून विचारलेलं नाही. एकोणचाळीस वर्षं झाली. घरातल्या एकानंही तिला विचारलं नाही, की तू सांगितलं होतंस का गं. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

एका गुरुवारी मी परत शनिवारवाड्यात गेले, एकटीच, ऑफिसला दांडी मारून. त्या दिवशी गर्दी नव्हती. हजारी कारंज्यात पाणी नव्हतं, सोळा पाकळ्यांचं ते कमळ कोरडं, तळाशी वाळकी पानं. मी जोत्यांवरून फिरले. काही जागी दगडात पन्हळ दिसते, पाणी वाहून जायला कोरलेली, तिथे न्हाणी असेल का? एका कोपऱ्यात जमिनीत गोल खळगा आहे, खांबाचा असेल किंवा उखळाचा. उखळाचा असेल तर इथे बायका असणार. मी तिथे बसले. दगड तापलेला होता, साडीतून चटका बसत होता. काकूला हवं होतं तसं काही सापडतंय का, दिवा ठेवायचा कोनाडा, चुलीची काजळी, काही. भिंतीच उरल्या नाहीत तर कोनाडा कुठून असणार. समोरच्या हिरवळीवर एक मुलगी नाचाचा व्हिडिओ करत होती, तिचा मित्र मोबाइल धरून परत परत, आणखी एकदा म्हणत होता, आणि तीही दर वेळी तितक्याच मनापासून सुरुवातीपासून नाचत होती. मला ते बघायला बरं वाटलं.

आमच्या वाईजवळ मेणवली आहे. तिथे नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे. लहानपणी आम्ही चालत जायचो, कृष्णेच्या घाटावर ती मोठी पोर्तुगीज घंटा, वसईच्या लढाईनंतर आलेली, तिच्यावर दगड मारून नाद ऐकायचो, आणि मग वाड्यात. लाकडी खांब, भिंतीवरची चित्रं, माजघरातला तो तपकिरी अंधार. नानांचे कागदसुद्धा राहिलेत, मेणवली दप्तर म्हणतात, डेक्कन कॉलेजला आहेत. म्हणजे ज्यांनी आनंदीबाईला नजरकैदेत ठेवलं त्यांचं घर आहे, झोपायची खोली आहे, हिशेबाच्या वह्या आहेत. चांगलंच आहे ते, राहिलंच पाहिजे. पण मेणवलीला इतक्या वेळा जाऊनही माझ्या मनात कधी आलं नव्हतं की तिची खोली कुठे असेल. ते यायला काकूचा गुडघा दुखावा लागला.

तिची खोली खरं तर एके जागी नव्हतीच. खुनानंतर वर्षभरात राघोबादादा पळत होते, मागे बारभाई, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एक झालेले पुण्याचे कारभारी, आणि ती गरोदर. तिला धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेकडे गेले. तिथे १० जानेवारी १७७५ ला तिला मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. आणि शनिवारवाड्याचा पाया घातला तीही तारीख १० जानेवारीच, पंचेचाळीस वर्षांआधीची. माझं लक्ष उगाच त्या तारखेवर अडकून बसलं. पुढे सुरतचा तह, पुरंदरचा तह, वडगाव, सालबाई, आठनऊ वर्षांचा पसारा, आणि शेवटी कोपरगाव. डिसेंबर १७८३ मध्ये राघोबादादा तिथे वारले. ती तेव्हाही गरोदर होती. चिमाजी झाला तो वडील गेल्यावर. एका मुलाचा जन्म पळापळीत आणि एकाचा सुतकात. मग ती आणि मुलं कोपरगावी नजरकैदेत, नंतर नाशिकजवळ आनंदवल्लीला, आणि तिथेच १७९४ मध्ये ती गेली. एकवीस वर्षं. शनिवारवाड्यात परत येणं तिच्या नशिबात नव्हतं. आणि त्या एकवीस वर्षांत मुलांना तापात कुणी बघितलं, त्यांची मुंज कशी केली, सणाला पुरण घातलं का, पहाऱ्यावरचे शिपाई तिच्याशी कसे बोलायचे, हे मला फार विचारावंसं वाटतं, आणि विचारायला गाईडसुद्धा नाही.

काकू वाईला परत गेली. घरात आता ती एकटी असते, चौकातली भिंत आहे पण पलीकडचे बंगलोरला गेले, कुलूप आहे. आठवड्याभरानं मी फोन केला. म्हटलं, काकू, तू विचारलं होतंस ना ती कुठे राहायची, मी शोधलं. तिला आधी आठवेना, मग एकदम, "हां हां, सांग." मी सगळं सांगितलं, धार, कोपरगाव, आनंदवल्ली. ती मध्ये मध्ये हुं म्हणत होती. मागे कुकरची शिट्टी झाली, "थांब हं" म्हणून गॅस बंद करून आली. मी म्हटलं, ते आनंदवल्ली आहे ना, ते तिच्याच नावावरून आहे. राघोबादादांनी दिलेलं. आता ते नाशिक शहरातच आलंय, गोदावरीच्या काठाला, तिथे त्या दोघांच्या नवसाचा म्हणून नवश्या गणपती पण आहे.

"म्हणजे गाव अजून त्याच नावानं आहे?"

हो.

"लोक पत्ता लिहिताना तेच लिहितात?"

मी म्हटलं हो, दुकानांच्या पाट्यांवर असतं, रिक्षावाल्याला तेच सांगायचं, आनंदवल्ली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो करतेय तर म्हणाली, आहे, आहे. मग पापड पोचले का ते विचारलं, मी म्हटलं पोचले, लाट्या पाठवता आल्या असत्या तर त्याच मागितल्या असत्या, त्यावर ती हसली. आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तिथे पायऱ्या फार आहेत का गं?"

म्हटलं, नदीकडे उतरायला असतील थोड्या. सावकाश उतरू. मी धरेन.

"मग थंडी सरली की जाऊ," काकू म्हणाली.